आडदऱ्यात ‘गाढव हो’ असा आशीर्वाद का देतात

आडदरे गावातून बोडक्या डोंगराकडे निघाले की वाट एका खिंडीत शिरते. दोन्ही अंगांना काळा कातळ आणि मध्ये एखादा ओझे लादलेला बैल अंग चोरून जाईल एवढीच फट. या फटीच्या तोंडाशी कमरेइतक्या उंचीचा एक दगड रोवलेला आहे आणि त्यावर गाढव कोरलेले आहे. पुढचे दोन्ही पाय रोवलेले, मान किंचित खाली, कान पुढे. तोंड गावाकडे, म्हणजे उताराकडे. खिंडीला गाढवखिंड म्हणतात.

जुन्या कोरीव दगडांचा अभ्यास करणारी माणसे अधूनमधून इथे येतात. गाढव कोरलेला दगड म्हटला की त्यांना शापाचा दगड आठवतो. दान दिलेली जमीन जो हिसकावेल त्याला शिवी देणारे असे गधेगाळ महाराष्ट्रात जागोजागी आहेत. पण आमच्या दगडावर ना चंद्रसूर्य, ना लेख, ना शिवी. तो शापाचा नाहीच. गावातला मुलगा सैन्यात भरती व्हायला निघतो, मुलगी नर्सिंगच्या शिक्षणाला शहरात जाते, कोणाचे मोठे ऑपरेशन असते, तेव्हा घरची माणसे त्याला इथे घेऊन येतात. तो दगडाच्या कानांवरून हात फिरवतो, आणि घरातले सगळ्यात मोठे माणूस त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, “गाढव हो.”

फलटणकडून सून होऊन आलेली एक मुलगी हा आशीर्वाद ऐकून पहिल्याच दिवशी रडत बसली होती. आता तिची मुले परीक्षेला निघाली की तीच हे दोन शब्द सगळ्यांच्या आधी म्हणते.

असे का, ते तात्याबा खोमणे सांगतात. वय झाले आहे, पण पाहुणे आले की काठी घेऊन खिंडीपर्यंत चढतात, दगडाच्या शेजारी सावलीत बसतात आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवतात. मग सुरुवात होते. दूर शिकायला असताना मी पराक्रमाच्या पुष्कळ कथा वाचल्या, त्यांतल्या बहुतेकांत घोडे होते. परत येऊन ही कथा पुन्हा ऐकली आणि ती जशी ऐकली तशी लिहून ठेवतो आहे.

तो काळ धामधुमीचा होता, म्हणे. राजा कोण आणि मुलूख कोणाचा हे दर पावसाळ्यानंतर बदलायचे. सुगी झाली, ज्वारी खळ्यावर आली की खालच्या मैदानातून लुटारू स्वार यायचे. ते कोणाचे होते हे आमच्या गावात कोणी सांगत नाही. पोटासाठी लुटणारे होते, एवढेच सांगतात.

आणि आडदरे पळायचे.

तात्याबा हे लपवत नाहीत. उलट हसत हसत सांगतात की पळण्यात आमच्या गावाचा हात धरणारे दुसरे गाव नव्हते. प्रत्येक घरात खुंटीला एक गाठोडे कायम बांधलेले असे. मैदानात धुळीचा लोट दिसला की देवळापाशी हलगी वाजायची, आणि चुलीवरची भाकरी करपायच्या आत गाव रिकामे व्हायचे. धान्य पेवात, पेवावर दगड, दगडावर शेण. गावदेवी तुकाईचा चांदीचा मुखवटा पुजाऱ्याच्या पोटाशी. सगळे खिंडीतून डोंगरावरच्या गुहांकडे. जो सगळ्यात आधी वर पोचेल त्याचे वर्षभर कौतुक व्हायचे. त्या काळी हा मान मानाजी नावाच्या एका तरुणाकडे होता. शेजारच्या गावांत आडदऱ्यात पोर द्यायची झाली तर म्हणायचे, जावई कसा का असेना, पळायला चांगला असेल.

पण ज्यांना पळता येत नव्हते, त्यांचे काय?

इथे तात्याबांचा आवाज खाली येतो. म्हातारी, लंगडी, आजारी माणसे डोंगरावर नेता येत नसत. त्यांना तुकाईच्या देवळातल्या मागच्या खोलीत ठेवायचे. पाण्याचे मडके, थोड्या भाकरी, आणि दाराला बाहेरून कडी. याला ‘देवावर सोडणे’ म्हणत. गाव परत येई तेव्हा कधी ती माणसे जिवंत असत, कधी नसत. दार लावणारी कोणी वाईट माणसे नव्हती. वर्षानुवर्षे हेच पाहिले होते, त्यामुळे हेच बरोबर वाटत होते.

गावात सोनाई नावाची एक सणगरीण होती. घोंगड्या विणायची. तिच्या हातची घोंगडी पाऊस आत येऊ देत नाही असे लोक म्हणत. तिला एकच मुलगी, भिवरा. भिवराचा नवरा लष्करात गेला तो परतलाच नव्हता, म्हणून ती आईपाशीच राहत होती. त्या वर्षी पावसाळ्यात ओढ्यावर लोकर धुताना सोनाई दगडावरून घसरली आणि तिची कंबर मोडली. जीव वाचला, पण पाय उचलेना.

सुगी जवळ आली तशी भिवराची झोप उडाली. ती सुभानजी पाटलांकडे गेली आणि म्हणाली की हलगी वाजली तर आईची बाज उचलायला चार खांदे द्या. चार खांदे बाजेला दिले तर चार पोती मागे राहतील, आणि बाज खिंडीत अडकली तर मागचे सगळे गाव अडकेल, हे पाटलांनी तिला समजावले. तरी ती उठेना, तेव्हा ते म्हणाले,

“माझ्या बापालाबी तिथंच ठेवलं होतं, पोरी. मीच दार लावलं होतं.”

भिवरा घरी आली. आईला तिने काही सांगितले नाही, पण सोनाईला तिच्या चेहऱ्यावरून कळले. ती म्हणाली, “मला त्या अंधारात कोंडू नगंस. उकिरड्यावर टाक, पन उघड्यावर टाक.”

उकिरडा सोनाईच्या घरामागेच होता, आणि त्या उकिरड्यावर एक गाढव राहायचे.

ते कोणाचेच नव्हते. दगड वाहणाऱ्या एका तांड्यामागून आलेले, पायात लंगडते म्हणून तांड्याने मागे टाकलेले. एक कान फाटका, पाठीवर जुन्या ओझ्याचे व्रण. दिवसभर उकिरड्यात तोंड घालायचे, कोणाच्या कुडाला अंग घासायचे आणि मार खायचे. पोरांनी त्याच्या शेपटीला वाळक्या झावळ्या बांधल्या तरी ते पळायचे नाही, म्हणे. थांबायचे, मान वळवून पाहायचे, आणि झावळ्या खाऊन टाकायचे. भिवरा घोंगडीला लावायची चिंचोक्यांची खळ करताना उरलेले पातळ पाणी फुटक्या खापरात त्याच्यापुढे ठेवायची. तेवढीच दोघांची ओळख.

मग एके दिवशी दुपारी मैदानात धूळ उठली. हलगी वाजली. गाठोडी खुंट्यांवरून उतरली. चार बायका सोनाईला देवळात न्यायला आल्या, तर घर रिकामे. भिवराने आईला पाठंगुळी घेऊन उकिरड्यापर्यंत नेले होते आणि गाढवावर बसवले होते. खाली एक घोंगडी घडी घालून, वरून एक सोनाईच्या खांद्यावर. ना दावे, ना लगाम. भिवरा त्याच्या मानेवर हात ठेवून चालू लागली, आणि ते चालू लागले.

गाढवावरून धिंड काढतात हे सगळ्यांना ठाऊक. पळत्या गर्दीतही एकाला राहवले नाही. त्याने विचारले, “सोनाई, कुठल्या गुन्ह्याची धिंड गं?”

सोनाई म्हणाली, “मागं ऱ्हायल्याची.”

गाव पुढे निघून गेले. लंगडे गाढव, मोडकी म्हातारी आणि भिवरा, तिघे शेवटी. एरवी स्वार आधी गावात शिरायचे, घरे धुंडाळायचे, तेवढ्यात लोक गुहेत पोचायचे. पण मागची काही वर्षे रिकाम्या घरांतून हाती काही लागत नव्हते. त्या वर्षी ते गावात थांबलेच नाहीत. माणसांना वाटेतच गाठायचे म्हणून सरळ खिंडीकडे वळले. वर चढणाऱ्यांना हे पाठीमागून येणाऱ्या टापांवरून कळले. तेव्हा पोती टाकून लोक धावू लागले.

तिघे खिंडीच्या तोंडाशी पोचली आणि गाढव थांबले.

भिवराने मान ओढली. पाठीमागून ढकलले. हात जोडले. ते हलले नाही. टापांचा आवाज वाढला तसे ते हळूहळू वळले, पूर्ण उलटे वळले, आणि आवाजाकडे तोंड करून उभे राहिले. पुढचे पाय रोवले. कान पुढे केले. ते भ्याले होते, असे सांगतात. घोडा भ्याला की पळतो. गाढव भ्याले की थांबते आणि कशाला भ्यालो ते नीट पाहते. ही त्याची जातच आहे. आपण तिला अडेलपणा म्हणतो.

गाढव वळले तशी त्याच्या पाठीवरची सोनाईही वळली. आणि इथे, तात्याबा म्हणतात, आमच्या गावाचे नशीब फिरले. कारण इतक्या वर्षांत आडदऱ्याच्या एकाही माणसाने त्या स्वारांकडे तोंड करून पाहिले नव्हते. सगळ्यांनी पाहिली होती ती दुरून धूळ, आणि ऐकल्या होत्या त्या पाठीमागून टापा.

सोनाईने डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि म्हणाली, “भिवरे, धूळ मोठी हाय गं. मान्सं थोडी हाएत.”

भिवराने वळून पाहिले. मोजकेच स्वार होते. प्रत्येक घोड्याच्या मागे दोरखंडाला बाभळीच्या मोठमोठ्या फांद्या बांधलेल्या होत्या. त्या मातीत फरफटत होत्या आणि आभाळ भरेल एवढी धूळ उठवत होत्या. दर वर्षी एक अख्खे गाव त्या फांद्यांना भिऊन पळत होते. त्या फांद्यांपायी देवळाच्या मागच्या खोलीचे दार लावले जात होते.

ती एकटी अजूनही पळू शकली असती. खिंड मोकळी होती, आणि तिचे पाय धड होते. ती गाढवाच्या मानेशी उभी राहिली, हातात मावेल तेवढा दगड उचलला आणि वर तोंड करून ओरडली,

“एवढंच हाएत! आरं, एवढंच हाएत ह्ये!”

वरचे लोक थांबले नाहीत. ओरडणाऱ्याला वाचवायला थांबायचे नाही, हाही पळण्याचा एक नियम होता. पहिला स्वार खिंडीच्या तोंडाशी आला. वाट एकाच जनावराची, आणि ती अडलेली. त्याने आधी हसून वाट मागितली, मग भाला पुढे केला. भाल्याचे टोक गाढवाच्या खांद्यात गेले. रक्त पायावरून खुरापर्यंत आले. ते मागे सरले नाही. त्याने मान वर केली आणि ते ओरडले. त्या अरुंद कातळात गाढवाचा आवाज कसा घुमतो हे तात्याबा पाहुण्यांना टाळी वाजवून दाखवतात. स्वाराचा घोडा बिचकला. त्याच क्षणी सोनाईने खांद्यावरची घोंगडी काढली आणि घोड्याच्या तोंडावर फेकली.

पाऊस आत येऊ न देणारी घोंगडी होती ती, उजेड कुठला येऊ देणार. आंधळा झालेला घोडा मागच्या पायांवर उठला, स्वार पडला, आणि मागे ओळीने उभे असलेले घोडे एकमेकांवर आदळले. आपल्याच बाभळीच्या फांद्यांत त्यांचे पाय अडकले.

आता मात्र वरती एक जण थांबला. सगळ्यांत पुढे असलेला मानाजी. गाढवाचा आवाज ऐकून त्याने आयुष्यात पहिल्यांदा वळून खाली पाहिले. खाली एक बाई, एक म्हातारी आणि एक गाढव गावाच्या आणि भाल्यांच्या मध्ये उभी होती. पाटील त्याला म्हणाले, चल. तो म्हणाला,

“पाटील, आपल्याला पळायलाच येतं. मग खालच्या अंगाला पळू.”

आणि तो पळाला. चढ चढण्यात जो सगळ्यांना मागे टाकायचा, तो उतारावर कसा आला असेल याचा विचार करा. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, मग बायका, मग पाटील. पिढ्यान्पिढ्या पळून पळून घट्ट झालेले ते सगळे पाय त्या दिवशी पहिल्यांदा उलट्या दिशेने धावले. वरून दगड सुटले, वाटेत टाकलेली पोती सुटली, आरोळ्या सुटल्या. स्वारांनी दोरखंड कापले आणि जे घोडे उठले त्यांवर बसून ते मैदानाकडे निघून गेले. जाताना धूळ उठली नाही, कारण फांद्या इथेच राहिल्या होत्या.

त्या फांद्या गावाने घरी नेल्या. त्या संध्याकाळी आडदऱ्यातल्या प्रत्येक चुलीवर त्याच बाभळीच्या जाळावर भाकरी झाली, म्हणे.

सुभानजी पाटील घरी गेले नाहीत. ते देवळात गेले, मागच्या खोलीचे दार त्यांनी स्वतः उखडले आणि अंगणात आणून कुऱ्हाडीने फोडले. कोणी मदतीला पुढे झाले तर त्यांनी हाताने थांबवले. ते दार त्यांचे होते.

गाढवाचे काय झाले? जखमेवर हळद आणि तेल भरून भिवराने त्याला घरी आणले, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उकिरड्यावर होते. गावाने वाजतगाजत जाऊन त्याला झेंडूची माळ घातली. त्याने ती खाल्ली. पाटलांनी जाहीर केले की आजपासून हे जनावर पाटलांच्या गोठ्यात बांधले जाईल, त्याला रोज कडबा मिळेल. तेव्हा बाजेवरून सोनाईने निरोप पाठवला. तो निरोप आमच्या गावात शब्दाला शब्द पाठ आहे.

“त्याला दावं लावू नगा. दावं नव्हतं तरी त्ये थांबलं. आपुन मोकळं असून पळालो.”

म्हणून त्याला बांधले नाही. ते शेवटपर्यंत कोणाचेच राहिले आणि प्रत्येक दारात खाऊ लागले. ते गेल्यावर गावाने पाथरवटाकडून हा दगड घडवून घेतला. पाथरवटाने पायाखाली मारलेला शत्रू कोरू का असे विचारले होते. भिवराने नको म्हटले. फक्त पाय नीट कोर, म्हणाली.

एकदा शहरातून आलेल्या एका बाईंनी तात्याबांना सरळ विचारले की गाढव अडले, त्यात शौर्य काय? ते तर त्याच्या स्वभावातच आहे. आम्हा गावकऱ्यांना जरा राग आला. तात्याबांना आला नाही. ते म्हणाले, “बाई, वाट मोकळी होती. मालक न्हवता, दोरी न्हवती, पाठीवर वझं होतं आन् खांद्यात भाला. त्याला पळायला कुणी अडवलं होतं, सांगा.” बाईंनी उठून दगडाच्या कानांवरून हात फिरवला. तात्याबांनी टोपी डोक्यावर घातली आणि त्यांनाही आशीर्वाद दिला.

मला या कथेचा अभिमान वाटतो, आणि तो विजयापेक्षा तिच्या खरेपणाचा अधिक. आपल्या पूर्वजांना शूर म्हणणारी गावे खूप आहेत. आमचे पूर्वज घाबरट होते हे आम्ही पाहुण्यांना सांगतो, आणि ते धैर्य कोणाकडून शिकले हेही सांगतो. ज्याला कोणी नाव दिले नाही, ज्याच्यावर कोणी हक्क सांगितला नाही, ज्याला त्याच्याच माणसांनी लंगडते म्हणून टाकले, त्याने आम्हाला मागे वळून पाहायला शिकवले. त्यानंतर आडदरे पळाले नाही. दुष्काळ आले, साथी आल्या. घराघरांना कुलपे लागली त्या साथीतही या गावाने एकाही आजाऱ्याला एकटे कोंडले नाही.

चैत्रात तुकाईची पालखी बोडक्या डोंगरावर जाते. ती देवळातून निघते आणि खिंडीच्या तोंडाशी येऊन थांबते. गावातले सगळ्यात हळू चालणारे माणूस तिथे पोचल्याशिवाय ती पुढे जात नाही. त्या दिवशी ‘लवकर’ हा शब्द आडदऱ्यात कोणी तोंडातून काढत नाही.

गेल्या चैत्रातही पालखी थांबली होती. ऊन चढले होते, कातळ तापला होता, पालखीखालचे गडी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होते. खाली वळणावर सगळ्यांच्या मागे राहिलेल्या म्हाळसाबाई सणगर काठी टेकत, दर थोड्या अंतरावर बसत येत होत्या. एका पाहुण्याने आपली गाडी खाली पाठवू का असे विचारले. म्हाळसाबाईंनी आधीच गाडी नको म्हटले होते. सगळा गाव उताराकडे तोंड करून उभा होता आणि हलगीवाल्याने हलगी काखेत धरली होती.

म्हाळसाबाई आल्या. श्वास घेतला. सगळ्यांकडे पाहून म्हणाल्या, “एवढ्या उन्हात थांबलात कशाला रे?”

हलगीवाल्याने हलगी काखेतून काढली. म्हाळसाबाईंनी पालखीच्या दांडीला हात लावला, आणि मगच तुकाई हलली.